विमान खोळंबले, जेवणाचे काय?

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जिल्ह्यातील माणसाला विमान गाठायचे असेल तर पूर्वेला नांदेड, पश्चिमेला छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा किंवा त्याहून दूरचे हैदराबाद, पुणे, मुंबई असे मोजकेच पर्याय त्याच्यापुढे असतात. चिकलठाण्याहून सकाळी निघणारे विमान पकडायचे म्हणजे परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील प्रवाशाला मध्यरात्र उलटताच घर सोडावे लागते. त्यामुळे विमानतळावर 'उड्डाणास तीन तास विलंब' अशी घोषणा होते, तेव्हा शहरातल्या प्रवाशासाठी ते तीन तास असतात; परभणीच्या प्रवाशासाठी मात्र उपाशीपोटी गेलेल्या सहा-सात तासांत पडलेली ती भर असते. सोबत वृद्ध आई-वडील, लहान मूल किंवा इन्सुलिन घेणारा मधुमेही असेल, तर 'जेवणाचे काय?' हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

हा प्रश्न विचारला की बहुधा दोन उत्तरे मिळतात. 'विमानात बसल्यावर मिळेल' हे पहिले आणि 'आमच्या तिकिटात जेवण समाविष्ट नाही' हे दुसरे. विलंबाच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. विमानातले जेवण आणि विलंब झाल्यामुळे द्यावयाचे जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिकिटाच्या प्रकारावर अवलंबून असते. दुसरी प्रवाशाची सोय म्हणून नियमाने ठरवून दिलेली आहे आणि तिकीट कितीही स्वस्त असले तरी ती लागू होते. हा फरक समजण्यासाठी विमानातले अन्न कोठे तयार होते आणि ते किती वेळ टिकते, हे आधी पाहिले पाहिजे.

आदल्या दिवशीचा स्वयंपाक

विमानात जेवण देण्याची प्रथा जवळजवळ विमान प्रवासाइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज ट्रान्सपोर्ट या कंपनीने प्रवाशांना तीन शिलिंगांत खाद्यपदार्थांचा डबा विकला, ही या सेवेची सुरुवात मानली जाते. त्या डब्यातले पदार्थ थंडच होते. आज मिळणारे गरम जेवणही विमानात शिजवलेले नसते. तेथे ते केवळ पुन्हा गरम केले जाते. स्वयंपाक होतो तो विमानतळाजवळच्या मोठ्या भटारखान्यात. त्याला या व्यवसायात 'फ्लाइट किचन' म्हणतात. भारतात ताजसॅट्स, ओबेरॉय फ्लाइट सर्व्हिसेस, अ‍ॅम्बॅसेडर्स स्काय शेफ यांसारख्या संस्था हे काम करतात आणि त्यांची स्वयंपाकघरे मुख्यतः महानगरांच्या विमानतळांभोवती आहेत.

या स्वयंपाकघरांचे काम तापमान आणि वेळ या दोन गोष्टींवर चालते. पदार्थ आतपर्यंत सुमारे ७५ अंश सेल्सिअस तापमान गाठेल इतका शिजवला जातो, त्यानंतर यंत्राच्या साहाय्याने झपाट्याने थंड करून पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवला जातो. घाई असते ती मधला पट्टा ओलांडण्याची. पाच ते साठ अंश हे तापमान रोगजंतूंच्या वाढीला अनुकूल असते आणि शिजवलेले अन्न या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितके ते सुरक्षित, हे अन्नशास्त्रातले मूलभूत सूत्र आहे. थंड केलेले पदार्थ थंड खोलीतच ताटलीत भरले जातात, ट्रॉलीत रचले जातात आणि पुन्हा शीतगृहात जातात. सकाळच्या विमानातला उपमा अनेकदा आदल्या दिवशीच शिजलेला असतो, तो यामुळेच. यात गैर काही नाही. थंडाव्याची साखळी अखंड राहिली तर हे अन्न सुरक्षित असते.

उड्डाणापूर्वी काही तास विमान कंपनी प्रवाशांचा अंदाजे आकडा भटारखान्याला कळवते आणि अखेरच्या टप्प्यात त्यात दुरुस्ती करते. ट्रॉल्यांची सुरक्षा तपासणी होते, त्यांना सील लागते आणि वर उचलता येणारे सांगाडे असलेल्या ट्रकमधून त्या विमानाच्या दारापर्यंत नेल्या जातात. हे सारे काम उड्डाणाच्या ठरलेल्या वेळेपासून उलटे मोजत आखलेले असते. विमानाची वेळ पुढे सरकली की ही आखणीही विस्कटते.

चढवलेले अन्न थांबू शकत नाही

विलंब कोणत्या क्षणी कळतो, याला येथे फार महत्त्व आहे. ट्रॉल्या भटारखान्यातून निघण्यापूर्वीच विलंबाची खबर मिळाली तर त्या शीतगृहातच थांबतात आणि फारसे बिघडत नाही. अन्न विमानात चढवल्यानंतर विलंब सुरू झाला तर मात्र परिस्थिती वेगळी असते. देशांतर्गत मार्गांवरील अनेक विमानांत ट्रॉलीसाठी स्वतंत्र शीतकरण नसते. कोरड्या बर्फाच्या, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडच्या आधारे त्या थंड ठेवल्या जातात. हा बर्फ नेहमीच्या प्रवासाला पुरेल इतकाच घातलेला असतो. मे महिन्यात मराठवाड्यासारख्या प्रदेशात धावपट्टीलगत उभ्या असलेल्या विमानात तो लवकर संपतो. मग अन्न उतरवून नवे चढवणे किंवा ते न वाढणे, एवढेच मार्ग उरतात. नवे अन्न मागवायचे तर खर्च दुप्पट होतो आणि ट्रक येईपर्यंत विलंब आणखी वाढतो.

'डोळ्यांसमोर जेवण आहे आणि तरी देत नाहीत' या प्रवाशांच्या संतापामागचे एक कारण हे आहे. ही सावधगिरी किती आवश्यक आहे, याचा धडा ३ फेब्रुवारी १९७५ रोजी मिळाला. टोकियोहून अँकरेज आणि कोपनहेगनमार्गे पॅरिसला निघालेल्या जपान एअर लाइन्सच्या जम्बो जेटमध्ये न्याहारीनंतर १९६ प्रवासी आणि एक कर्मचारी विषबाधेने आजारी पडले.  अँकरेजच्या भटारखान्यातील एका स्वयंपाक्याच्या बोटांवरील जखमांतून स्टॅफिलोकॉकस जंतू ऑम्लेटमधल्या हॅमवर गेले होते. परंतु केवळ जंतू पोहोचल्याने एवढा अनर्थ झाला नसता. तयार अन्न कित्येक तास पुरेशा थंडाव्याशिवाय राहिले आणि तेवढ्या वेळात जंतूंनी त्यात विष निर्माण केले. या विषाचे वैशिष्ट्य असे की, अन्न नंतर गरम केले तरी ते नष्ट होत नाही. वैमानिकांनी ते ऑम्लेट खाल्ले नव्हते, म्हणून विमान सुखरूप उतरले. वैमानिक आणि सहवैमानिक यांनी वेगवेगळे जेवण घ्यावे, या संकेताचे महत्त्व या घटनेने अधोरेखित झाले.

उभ्या विमानात ट्रॉली का फिरत नाही?

दुसरी तक्रार असते ती विमानात बसल्यानंतरच्या प्रतीक्षेची. दारे बंद झाली, विमान धावपट्टीकडे जाण्याच्या रांगेत उभे आहे, तास उलटला तरी पाण्यापलीकडे काही मिळत नाही. येथे अडचण वेगळी असते. हवाई नियंत्रण कक्षाकडून परवानगी कोणत्याही क्षणी येऊ शकते आणि विमान हलण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉली जागेवर कुलूपबंद करणे बंधनकारक असते. जड ट्रॉली मार्गिकेत असताना विमान हलले तर ती प्रवाशांना इजा करू शकते. ट्रॉली काढून वाढायला सुरुवात केली आणि तेवढ्यात परवानगी आली तर आवराआवर होईपर्यंत ती संधी हुकते आणि विमान रांगेत मागे जाते. म्हणून कर्मचारी हातात नेता येईल एवढेच, म्हणजे पाणी, बिस्किटे किंवा सँडविच, देणे पसंत करतात.

उड्डाणानंतरही वेळ मुबलक असतो असे नाही. चिकलठाणा-मुंबई किंवा नांदेड-हैदराबाद यांसारख्या तासाभराच्या अंतरात चढण आणि उतरण यांतच बराचसा वेळ जातो. पट्टे सोडण्याचा संकेत मिळाल्यापासून विमान उतरू लागेपर्यंत कर्मचाऱ्यांच्या हाती वीस-पंचवीस मिनिटे उरतात. एवढ्या वेळात गरम जेवण वाढून ताटल्या गोळा करणे शक्य नसते. त्यामुळे अशा मार्गांवर सुक्या खाण्यावरच भागवले जाते. २००३ मध्ये एअर डेक्कनने भारतात स्वस्त विमानसेवेचा प्रारंभ केल्यानंतर तर 'तिकीट वेगळे, खाणे वेगळे' ही पद्धतच रुजली. अशा विमानांत विक्रीसाठी ठेवलेले पदार्थ अंदाजाने मोजके घेतलेले असतात. विलंबाने भुकेलेले सगळे प्रवासी एकाच वेळी मागू लागले तर ते पहिल्या काही रांगांतच संपतात. यावरून निष्कर्ष निघतो तो असा : विलंब जमिनीवर होत असेल तर भुकेची सोयही जमिनीवरच झाली पाहिजे. ती विमानातल्या ट्रॉलीवर सोपवून चालत नाही.

लहान विमानतळांची कोंडी

जमिनीवरची ही सोय महानगरांत त्या मानाने सोपी असते. विमानतळावर दहा-वीस खाद्यगृहे असतात. विमान कंपनीने प्रवाशांच्या हाती कूपन दिले की काम झाले. लहान विमानतळावर तसे होत नाही. तेथे एखादेच उपाहारगृह असते, ते ठरलेल्या विमानांच्या वेळांपुरते उघडे असते आणि शंभर-दीडशे माणसांचे जेवण अचानक पुरवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. मोठे फ्लाइट किचन जवळ नसल्याने परतीच्या प्रवासाचे पदार्थही अनेकदा मूळ तळावरच चढवले जातात. म्हणजे मुंबई किंवा हैदराबादहून येणारे विमान तिकडेच अडकून पडले की त्यातल्या प्रवाशांबरोबर इकडच्या प्रवाशांचे खाणेही तिकडेच अडकते.

नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळ हे परभणीकरांना सर्वांत जवळचे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने त्याचा कायापालट झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेच्या पहिल्या मार्गांचा शुभारंभ झाला, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. त्या मार्गावरील ट्रुजेट कंपनी पुढे बंद पडली, नंतर दुसऱ्या कंपन्या आल्या. सेवा सुरू होणे आणि खंडित होणे हा अनुभव येथील प्रवाशांच्या अंगवळणी पडला आहे. अशा ठिकाणी दिवसाकाठी मोजकीच उड्डाणे असतात. एक विमान रखडले तर पर्यायी विमान नसते आणि पुरेशी खाद्यगृहेही नसतात. नियम दिल्लीच्या आणि नांदेडच्या प्रवाशासाठी सारखाच आहे. तो पाळण्याची साधने मात्र सारखी नाहीत. परंतु साधनांची उणीव ही सबब ठरू शकत नाही. विमानतळाबाहेर शहर आहे, शहरात उपाहारगृहे आहेत. त्यांच्याशी आधीच करार करून ठेवणे आणि गरज पडताच पाकिटे मागवणे विमान कंपनीला अशक्य नाही. फक्त तशी तयारी विलंब होण्यापूर्वी करावी लागते.

नियम काय सांगतो?

भारतात या बाबतीतला मूळ दस्तऐवज म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) १५ ऑगस्ट २०१० पासून लागू झालेली नियमावली. वेळोवेळी तिच्यात सुधारणा झाल्या, तरी जेवणाविषयीची मुख्य चौकट कायम आहे. प्रवाशाने वेळेत चेक-इन केलेले असेल, तर अपेक्षित विलंब आणि प्रवासाचा कालावधी यांच्या प्रमाणात विमान कंपनीने अल्पोपाहार आणि जेवण पुरवायचे असते. प्रवास अडीच तासांपर्यंतचा असल्यास दोन तास किंवा अधिक विलंब झाला की हा हक्क निर्माण होतो. अडीच ते पाच तासांच्या प्रवासासाठी ही मर्यादा तीन तास आहे आणि त्याहून लांबच्या प्रवासासाठी चार तास. महाराष्ट्रातून देशात कोठेही जाणारी बहुतेक उड्डाणे पहिल्या दोन गटांत मोडतात.

विलंब सहा तासांहून अधिक होणार असेल, तर सहा तासांच्या आत पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, असा पर्याय प्रवाशाला देणे आवश्यक आहे. विलंब २४ तासांहून अधिक असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतले उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर हॉटेलमधील निवासाचीही तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डीजीसीएने जेवणाबाबतच्या अपेक्षा अधिक नेमक्या शब्दांत विमान कंपन्यांना कळवल्या : दोन तासांपर्यंतच्या विलंबात पिण्याचे पाणी, दोन ते चार तासांच्या विलंबात चहा-कॉफी आणि अल्पोपाहार, चार तासांहून अधिक विलंबात जेवण.

हा नियम 'अपेक्षित' विलंबावर आधारलेला आहे आणि व्यवहारात घोळ होतो तो येथेच. साडेचार तासांचा विलंब एकदम जाहीर होत नाही. आधी पाऊण तास, मग आणखी एक तास, मग आणखी दीड तास, असा तो हप्त्याहप्त्याने वाढतो. प्रत्येक वेळी 'लवकरच निघू' असे सांगितले जाते आणि जेवणाची मर्यादा कधी ओलांडली गेली, हे प्रवाशाच्या लक्षातच येत नाही. मोजणी मूळ वेळापत्रकापासून करायची, ताज्या घोषणेपासून नव्हे, एवढे भान ठेवले तरी बराच गोंधळ टळतो.

धुक्याचे कारण आणि न्यायालयाचे उत्तर

विमान कंपन्यांचा सर्वांत प्रबळ बचाव असतो तो हवामानाचा. दाट धुके, वादळ, धावपट्टी बंद होणे, हवाई नियंत्रणातील अडथळे अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी आर्थिक भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नसते. नियमावलीनेच तो अपवाद केला आहे. पण भरपाई नाही म्हणजे भाकरीही नाही, असा अर्थ काढायचा का? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

१४ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून हैदराबादला निघालेल्या इंडिगोच्या एका प्रवाशाचे विमान धुक्यामुळे रखडले आणि त्याला सुमारे अकरा तास खोळंबून राहावे लागले. हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीने त्याला दहा हजार रुपये भरपाई आणि दोन हजार रुपये खर्च मंजूर केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये न्यायालयाने भरपाईचा आदेश रद्द केला. धुके हे कंपनीच्या हातातले कारण नव्हते आणि त्या प्रवाशाला खाण्याचे पदार्थ व पाणी दिले गेले होते, म्हणून त्या विशिष्ट प्रकरणात सेवेत त्रुटी आढळली नाही. मात्र याच निकालात न्यायालयाने एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट केले. विलंबाचे कारण कोणतेही असो, विमानात बसून ताटकळणारे प्रवासी कंपनीच्या देखभालीखाली असतात. त्यांना अन्न, पाणी, स्वच्छतागृह अशा किमान सोयी न पुरवणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि स्वस्त दराची कंपनी म्हणून या जबाबदारीतून सुटका होत नाही. प्रवासी खटला हरला, पण पुढच्या प्रत्येक प्रवाशाच्या उपयोगी पडेल असे तत्त्व मागे राहिले.

युरोपीय संघात हीच भूमिका अधिक ठामपणे कायद्यात उतरली आहे. तेथे २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार प्रतीक्षेच्या प्रमाणात जेवण देणे बंधनकारक आहे. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमानसेवा ठप्प झाली, तेव्हा रायनएअर या स्वस्त दराच्या कंपनीने ही आपत्ती नेहमीच्या अपवादांपलीकडची असल्याचा दावा केला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये तो फेटाळला. आपत्ती कितीही मोठी असली तरी अडकलेल्या प्रवाशाचे जेवणखाण आणि निवास यांची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

भारतात ही बाब सार्वजनिक चर्चेत आली ती जानेवारी २०२४ मध्ये. गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान आधीच कित्येक तास उशिरा सुटले, दिल्लीतील धुक्यामुळे ते मुंबईकडे वळवले गेले आणि वैतागलेले प्रवासी विमानातून उतरून थेट विमाने उभी राहण्याच्या जागेत बसले. तेथेच जमिनीवर त्यांनी जेवण केले. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. नागरी हवाई सुरक्षा विभागाने विमान कंपनीला एक कोटी वीस लाख रुपयांचा दंड केला आणि मुंबई विमानतळाच्या व्यवस्थापनावरही दंडात्मक कारवाई झाली. हा दंड सुरक्षेच्या उल्लंघनाबद्दल होता. मात्र लोकांच्या स्मरणात राहिले ते त्या जागी पंगत मांडून बसलेले प्रवासी. विलंबाच्या काळात माणसांना बसायला जागा, वेळेवर माहिती आणि वेळेवर अन्न मिळाले नाही तर सुरक्षेची व्यवस्थाही कोलमडते, हे त्या प्रसंगाने दाखवले.

परभणी स्थानकावरचा धडा

या विषयात परभणीजवळ स्वतःचा एक अनुभव आहे आणि तो रेल्वेचा आहे. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमधील प्रवाशांना मार्गावरील काही स्थानकांवर मोफत लंगर दिला जातो. परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही स्थानके त्यांत आहेत. गाडी फलाटाला लागली की सेवादार पातेली घेऊन डब्यांपाशी येतात, प्रवासी आपापली भांडी पुढे करतात आणि थांब्याच्या मोजक्या मिनिटांत डाळ, भाजी, खिचडी, कढी-भात असे गरम अन्न वाढले जाते. गाडीची प्रत्यक्ष वेळ पाहून स्वयंपाकाचे गणित जुळवले जाते.

हे विमानात जसेच्या तसे शक्य नाही. तेथे सील, तपासणी आणि परवाने आहेत. तरीही या व्यवस्थेमागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे : अन्न वाहनात साठवण्याऐवजी वाहन जेथे थांबते तेथे ते ताजे तयार ठेवायचे. रेल्वेनेही आपल्या प्रतिष्ठित गाड्यांसाठी एक नियम केला आहे. राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्या दोन तासांहून अधिक उशिरा धावत असतील तर प्रवाशांना वेळेनुसार चहा-नाश्ता किंवा जेवण मोफत दिले जाते. परभणीवरून जाणाऱ्या देवगिरी, नंदिग्राम, तपोवन यांसारख्या गाड्यांना तो लागू नाही. तेथे प्रवाशाला फलाटावरच्या विक्रेत्याचा आधार असतो. विमानतळाच्या सुरक्षित कक्षात अडकलेल्या प्रवाशाला तोही नसतो. तो सहज बाहेर जाऊ शकत नाही, आत मिळणारा वडापाव त्याच्या खिशाला परवडेलच असे नाही आणि बाहेरून काही मागवताही येत नाही. ज्याला आपण अडवून ठेवले आहे त्याला खाऊ घालण्याची जबाबदारी अडवणाऱ्याची, हा नियमामागचा साधा न्याय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला आणि तेथे दहा रुपयांत चहा मिळू लागला, त्याचे देशभर स्वागत झाले तेही याच कारणाने.

प्रवाशाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे मागणे. विलंबाचे जेवण बहुतेक वेळा आपणहून समोर येत नाही. काउंटरवर जाऊन, मूळ वेळ आणि अपेक्षित वेळ सांगून, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत मागणी करावी. शक्य असल्यास दोन-चार सहप्रवाशांसह करावी. विलंबाचे लघुसंदेश जपून ठेवावेत, फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे. कंपनीने काही दिले नाही आणि स्वतः विकत घ्यावे लागले, तर पावती फेकू नये.

दुसरी गोष्ट पथ्याच्या जेवणाची. मधुमेहींचे किंवा जैन पद्धतीचे जेवण बहुतेक कंपन्यांकडे उड्डाणाच्या किमान २४ तास आधी नोंदवावे लागते आणि ते त्या ठराविक उड्डाणासाठीच तयार होते. विमान बदलले तर ती नोंद आपोआप नव्या विमानावर जाईलच याची खात्री नसते. त्यामुळे बदललेल्या तिकिटाबरोबर जेवणाची नोंदही पुन्हा तपासावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचे जेवण केव्हा मिळणार हे निश्चित झाल्याशिवाय विमानाच्या जुन्या वेळेवर विसंबून मात्रा घेऊ नये. याबाबत प्रवासापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे. औषधे सामानात न देता जवळच्या पिशवीत असावीत.

तिसरी गोष्ट घरच्या डब्याची. देशांतर्गत प्रवासात घरचे कोरडे पदार्थ सोबत नेता येतात. परभणी हा ज्वारीचा प्रदेश. येथील कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले. या भागातील दशमी, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ ही शिदोरी लांबच्या प्रवासासाठीच घडलेली आहे. पाण्याचा अंश कमी असलेले पदार्थ उशिरा खराब होतात, हे अन्नशास्त्र आजीलाही ठाऊक होते. पातळ भाजी, तेलात बुडालेले लोणचे किंवा सुके खोबरे मात्र हातातल्या पिशवीत टाळावे. सुरक्षा तपासणीत ते अडकण्याची शक्यता असते. रिकामी बाटली न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

चौथी गोष्ट तक्रारीची. प्रथम विमान कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. केंद्र सरकारचे 'एअरसेवा' हे संकेतस्थळ व अ‍ॅप यासाठीच आहे, तसेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. येथे परभणीकरांच्या हिताची एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. विमान मुंबईत रखडले असो वा हैदराबादेत, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, परभणी जिल्ह्यातील रहिवाशाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही.

विमानाचा विलंब पूर्णपणे टाळता येणार नाही. धुके पडेल, यंत्र बिघडेल, वैमानिकाच्या कामाचे तास संपतील. पण विलंब झाला की काही तासांनी माणसांना भूक लागणार, हे मात्र शंभर टक्के निश्चित असते आणि जे निश्चित आहे त्याची तयारी आधी करता येते. दिल्लीत अडकलेला प्रवासी निदान पर्यायांच्या मध्ये उभा असतो. नांदेड किंवा चिकलठाण्याला अडकलेल्या, रात्रीच घरून निघालेल्या परभणीच्या प्रवाशापाशी तेवढे पर्याय नसतात. छोट्या शहरांना विमानाने जोडताना धावपट्टीची लांबी जितक्या काटेकोरपणे मोजली जाते, तितक्याच काटेकोरपणे तेथे थांबलेल्या माणसाच्या जेवणाची वेळही मोजली गेली पाहिजे.